दोन मुक्कामांमधला दिवस

व्हाइट रिमच्या वाटेवर सायकल चालवायला फार कसब लागत नाही, हे खरं आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात कॅन्यनलँड्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातल्या ‘आयलंड इन द स्काय’ या पठाराला खालून वळसा घालणारी ही साधारण १६० किलोमीटरची कच्ची वाट. माउंटन बाइकवाले तिला मध्यम दर्जाची मानतात. अरुंद पायवाटा नाहीत, दगडांवरून उड्या घ्यायच्या नाहीत. उंच बांधणीची, चारही चाकांना ताकद असलेली गाडी सगळीकडून जाऊ शकते. बहुतेक लोक तीन-चार दिवसांत वळसा पूर्ण करतात आणि रात्री ठरलेल्या जागी राहतात: शेफर, एअरपोर्ट, गूजबेरी, व्हाइट क्रॅक, मर्फी हॉगबॅक, कँडलस्टिक, पोटेटो बॉटम, हार्डस्क्रॅबल, लॅबिरिंथ. प्रत्येक मुक्कामावर तंबूपुरती सपाट जागा आणि एक कोरडा संडास. पिण्याचं पाणी वाटेवर कुठेच नाही.

हे शेवटचं वाक्य मी परवाना काढताना वाचलं होतं. माणशी रोज किमान चार लिटर पाणी सोबत ठेवा, ही सूचनाही वाचली होती, आणि हिशेब करून त्याहून जास्त पाणी घेतलं होतं. तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी मर्फीच्या चढाखाली माझा भाचा गुडघ्यांवर बसून ओकत होता, आणि आम्हा दोघांकडे मिळून घोटभर पाणी नव्हतं. आमच्याकडे पाणी कमी नव्हतंच. वीस लिटरचे तीन कॅन होते. ते गाडीत होते, गाडी मुक्कामावर होती आणि आम्ही मधे होतो.

मी मुक्काम ठरवले होते. मधला दिवस ठरवलाच नव्हता.

या प्रदेशाची रचना समजल्याशिवाय तो दिवस समजणार नाही. इथली जमीन तीन मजली आहे. वरच्या मजल्यावर पठार. तिथे डांबरी रस्ता आणि उद्यानाचं कार्यालय. त्याच्या साधारण ३६५ मीटर खाली पांढऱ्या वालुकाश्माची एक सलग कड पठाराभोवती फिरते. तीच व्हाइट रिम, आणि वाट तिच्यावरून जाते. तिच्याही खाली आणखी तीनशे मीटरवर एका बाजूला कोलोरॅडो नदी, दुसऱ्या बाजूला ग्रीन. पांढरा थर कठीण आहे, त्याखालचा लाल थर ठिसूळ. लाल झिजत जातो आणि पांढरा वर अधांतरी उरतो. मॉन्युमेंट बेसिनच्या काठावर उभं राहिलं की खाली लाल दगडाचे उंच सुळके दिसतात, प्रत्येकाच्या डोक्यावर पांढऱ्या दगडाचा एक तुकडा. डोळे निवतात. पण याच रचनेमुळे नदी कधीकधी नजरेच्या टप्प्यात असूनही तिच्यापर्यंत उतरता येत नाही. जिथे उतरता येतं तिथेही पाण्यात गाळ इतका असतो, की गाळणी थोड्याच वेळात तुंबते.

वाट मुळात सायकलींसाठी झालेलीच नाही. १९५२ साली चार्ली स्टीन या माणसाला मोआब गावाच्या आग्नेयेला युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि सगळ्या टापूत शोधाशोध सुरू झाली. अणुऊर्जा आयोगाने त्या दशकात हा रस्ता खोदला तो खनिज शोधणाऱ्यांच्या गाड्या आणि ट्रक जावेत म्हणून. व्हाइट रिमवर युरेनियम फारसं मिळालं नाही. रस्ता मात्र राहिला, आणि १९६४ मध्ये उद्यान झालं तेव्हा त्याच्यासकट झालं. ट्रकचा रस्ता म्हणून तो बहुतेक ठिकाणी रुंद आणि बऱ्यापैकी सपाट आहे, आणि म्हणूनच त्याचा दर्जा मध्यम. हा दर्जा सांगतो ते चाकाखालच्या जमिनीविषयी. सावली किती लांब आहे, मदत यायला किती तास लागतील, हे त्यात धरलेलं नसतं. मी तो दर्जा संपूर्ण प्रवासाचा समजले.

तसं समजायला माझ्याकडे कारण होतं, आणि ते कारणच मला नडलं. माझी सायकल पुण्यात आणि मावळात घडली. लोणावळ्याहून राजमाचीला जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर मी पावसाळ्यात चिखलातून गेले आहे, उन्हाळ्यात धुळीतून गेले आहे. त्या रस्त्यावर दम लागला तरी धास्ती कधी वाटली नाही. राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीत कुणाच्याही ओसरीवर टेकावं, पाणी मागावं, मावशी ताक आणून देतात, पिठलं-भाकरीचं विचारतात. किल्ल्यावर तर खडकात कोरलेली टाकी आहेत. सह्याद्रीत फिरणाऱ्याच्या मनात कुठेतरी कायम असतं की पुढे वस्ती असेल, टाकं असेल, निदान गुराखी भेटेल. युटात इतकी वर्षं राहूनही माझ्या मनातून ते गेलं नव्हतं. व्हाइट रिमवर खडकाच्या खळग्यांत पाऊस साचतो, पण मेअखेर बहुतेक खळगे कोरडे असतात. ज्यांत पाणी असतं त्यांत इवलेसे जीव त्या थोड्या दिवसांत आपलं सगळं आयुष्य उरकत असतात. त्या पाण्याला हात लावू नये, असं तिथे सांगतात.

मेअखेर जायचं ठरलं ते हवामान बघून नव्हे. मार्च ते मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे इथले चांगले महिने, पण वसंतातले परवाने झटपट संपतात. मी उशिरा जागी झाले, तेव्हा मेच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्या रात्री एअरपोर्ट आणि दुसऱ्या रात्री मर्फी एवढंच उरलं होतं. त्या दोन मुक्कामांत साधारण ४२ किलोमीटरचं अंतर आहे. मिळालंय तर घेऊन टाकू, असं म्हणून मी पैसे भरले. त्यानंतर तो कार्यक्रम चांगला कसा आहे, हे मी सगळ्यांना पटवत राहिले. ४२ किलोमीटर म्हणजे काय मोठंसं, चार-पाच तास. हे मी नवऱ्याला सांगितलं, भाच्याला सांगितलं आणि पुण्यात बहिणीला फोनवर सांगितलं. तिचा मुलगा नुकताच शिकायला सॉल्ट लेक सिटीला आला होता. ती म्हणाली, “तू आहेस ना बरोबर, मग मला काळजी नाही.”

पहिला दिवस झकास गेला. शेफरची वळणं उतरताना एका बाजूला ताशीव कडा, दुसऱ्या बाजूला मोकळी हवा, ब्रेकवर दोन-दोन बोटं ठेवून सीटच्या मागे सरकून उतरायचं. भाच्याला मी ते शिकवलं आणि त्याने ते चटकन उचललं. त्याच्यासाठी मोआबमधून भाड्याची सायकल घेतली होती. दुकानात त्याने पाठीवर घ्यायची पाण्याची पिशवी हातात घेऊन पाहिली होती. मी म्हटलं, “गाडी आहे की आपल्याबरोबर. कशाला पाठीवर ओझं?” त्याने ती परत ठेवली. त्याच्या सायकलला दोन बाटल्या होत्या, पाऊण-पाऊण लिटरच्या. माझ्या पाठीवर तीन लिटरची पिशवी होती, कारण मला तिची सवय होती. स्वतःसाठी सवयीने केलेली गोष्ट नवख्या माणसाला अनावश्यक म्हणून सांगावी, यातली चूक तेव्हा माझ्या डोक्यातही आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रेंगाळलो. गॅसवर पोहे झाले, दोन वेळा चहा झाला, समोर एअरपोर्ट टॉवरचा कडा उन्हात तांबडा होत गेला. निघेपर्यंत साडेनऊ वाजले. अशा ठिकाणी सकाळचा एक तास दुपारच्या दोन तासांच्या मोलाचा असतो. गूजबेरीपाशी गाडीने आम्हाला गाठलं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, पाणी भरून घेतलं. नवरा म्हणाला, “मी मागून हळूहळू येऊ का तुमच्या?”

मी नको म्हटलं. गाडी मागे असली की धूळ उडते, आवाज येतो, आणि खरं सांगायचं तर मला भाच्याला ती वाट आपल्या पायांनी, कुणाच्या आधाराशिवाय पार केल्याचं समाधान द्यायचं होतं. ते समाधान त्याने मागितलं नव्हतं. “तू पुढे हो, तंबू लाव, आम्ही येतोच,” असं मी म्हटलं. गाडी गेली. तिच्याबरोबर पाणी गेलं, मीठ-साखरेची पाकिटं असलेला औषधांचा डबा गेला आणि सायकली उचलून घेण्याचं एकमेव साधन गेलं. तिथे मोबाइलला रेंज नसते. उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र मिळतं, आम्ही ते घेतलेलं नव्हतं.

व्हाइट क्रॅकचा फाटा लागला तेव्हा माझ्या अंगात चांगलाच उत्साह होता. मुख्य वाट सोडून हा फाटा दक्षिणेकडे दोनेक किलोमीटर जातो आणि पांढऱ्या कडेच्या टोकाशी संपतो. तिथून समोर उद्यानाचे नीडल्स आणि मेझ हे दोन्ही भाग दिसतात. हे टोक मला दाखवायचंच होतं. भाचा म्हणाला, “मावशी, काकांना सांगितलंय का आपण इकडे वळतोय ते?” मी म्हटलं, “अर्ध्या तासाचं काम आहे.”

अर्ध्या तासाचं काम नव्हतं. जाताना वाळू लागली, तिथे पोहोचल्यावर बघत बसलो, फोटो काढले. त्या टोकावर सावली अशी नाहीच. परतताना भाच्याच्या दुसऱ्या बाटलीचा तळ दिसत होता. माझ्या पिशवीत लिटरभर असावं. मी अर्धं त्याच्या बाटलीत ओतलं आणि मर्फी आता जवळच आहे, असं म्हटलं. मर्फी तिथून अजून दहा-बारा किलोमीटर होतं. ते मला नकाशावरून माहीत होतं.

कोकणात उन्हात चाललं की घाम निथळतो, कपडे अंगाला चिकटतात, शरीर काय गमावतंय ते कळत राहतं. इथली हवा इतकी कोरडी असते की घाम आला तसा उडून जातो. कातडी कोरडी राहते, वाऱ्याने बरंही वाटतं आणि माणूस समजतो की आपण ठीक आहोत. भाच्याच्या निळ्या टी-शर्टवर पाठीवर आणि बगलेखाली मिठाच्या पांढऱ्या कडा उमटल्या होत्या, एकीच्या बाहेर दुसरी. मी त्याच्या मागे होते. तास-दीड तास त्या कडा माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मी त्या पाहिल्या आणि त्यांचा अर्थ लावला नाही.

दुसरी खूण याहून स्पष्ट होती. सकाळपासून तो अखंड बोलत होता, दगडांविषयी विचारत होता, विद्यापीठातल्या गोष्टी सांगत होता. फाट्यावरून मुख्य वाटेला लागल्यावर तो गप्प झाला. मला वाटलं, वाळूत सायकल सांभाळतोय, लक्ष लागलंय. मला त्याचं कौतुकच वाटलं. पुढे त्याने एकदाच विचारलं, “अजून किती आहे?” मी म्हटलं, “आलंच.” लहान मुलांना प्रवासात आपण असं सांगतो. तेवीस वर्षांच्या मुलाने मोठ्या माणसावर विश्वास ठेवून आपली ताकद त्या शब्दाच्या हिशेबाने खर्च केली.

वाळूने उरलंसुरलं काढून घेतलं. दगडावर पंक्चर होऊ नये म्हणून मी दोन्ही सायकलींच्या टायरांत हवा टणक भरली होती. दगडावर ती बरी, मऊ वाळूत तेच टायर कापत आत जातं. हवा थोडी कमी करायची, हलक्या गिअरवर सतत पेडल मारत राहायचं, हँडल वळवायचं नाही, पुढच्या चाकावर भार द्यायचा नाही, हे मला ठाऊक होतं. दोन मिनिटं थांबून हवा सोडायला हवी होती. पण थांबलं की उशीर होईल, आणि मुक्काम गाठायचाय, हे एकच डोक्यात होतं. मग चालवण्याऐवजी आम्ही सायकली ढकलू लागलो. ढकलताना वेग चालणाऱ्याचा आणि कष्ट दुप्पट.

मर्फी हॉगबॅक हा वाटेवरचा सगळ्यात बदनाम चढ. खडकाच्या अंगाला कोरलेला, एका गाडीपुरता रुंद, खड्या चढणीचा. सराईत लोकही बरेचदा सायकलवरून उतरून तो चढतात. आम्ही पायथ्याशी पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. भाच्याने सायकल खाली ठेवली नाही, ती त्याच्या हातून पडली. मग तो खाली बसला आणि त्याला उलटी झाली. चेहरा पांढरा, हात थंडगार आणि ओले. डोकं फुटतंय म्हणाला, पोटऱ्यांत गोळे आले होते. उन्हाने येणारं हे ग्लानीचं दुखणं मी वाचून ओळखत होते. सावलीत न्या, पाणी द्या, मीठ द्या, आणि माणूस असंबद्ध बोलू लागला तर ते जीवघेण्या उष्माघाताकडे चाललंय असं समजा. सावली होती, एका पुढे आलेल्या खडकाखाली हातभर. बाकी काही नव्हतं.

मी वर धावत जाऊन नवऱ्याला बोलवावं की भाच्याजवळ थांबावं, हे मला ठरवता येईना. मी निघाले. पहिल्या वळणावरून मागे पाहिलं तर तो उठून उभा राहायचा प्रयत्न करत होता आणि तोल जात होता. मी परत खाली आले. वर जायला लागणाऱ्या वेळातला बराचसा वेळ मी असा जाऊन-येऊन घालवला. पाण्याशिवाय माणसाचं शरीर कसं वागतं ते मला माहीत होतं. माणूस घाबरला की त्याचा निर्णय कसा होतो, ते त्या पंधरा मिनिटांत कळलं.

वरून एक जीप उतरत आली. साठीच्या पुढचं जोडपं होतं, वळसा उलट्या दिशेने करत होतं. बाईंनी उतरायच्या आधी खिडकीतूनच विचारलं, पाणी किती आहे? मी नाही म्हटलं. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. भाच्याला सावलीत आडवं करून पाय दगडावर ठेवले, मानेला ओलं फडकं लावलं आणि पाण्यात क्षारांची पूड घालून दोन-दोन घोट देत राहिल्या. एकदम पिऊ दिलं नाही. एकदम दिलं असतं तर पुन्हा उलटून पडलं असतं. त्या थेंब मोजल्यासारखं पाणी देत होत्या, आणि मी त्यांच्या हाताकडे बघत होते, कारण भाच्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. अर्ध्या तासाने तो स्वतःहून बोलला. “मावशी, तू प्यायलीस का?” असं त्याने विचारलं.

त्यांनी त्याला आणि त्याच्या सायकलीला जीपमध्ये घालून वर नेलं. त्यांचा उरलेला दिवस त्यात गेला. मी माझी सायकल ढकलत चढले. वर नवरा कड्याच्या काठावर उभा होता. त्याने जीपवाल्यांना सांगून ठेवलं होतं की खाली दोन सायकलवाले दिसले तर मी इथे थांबलोय म्हणावं. तंबू लावले होते, पाण्याचे कॅन गाडीच्या सावलीत नीट ओळीने ठेवले होते. तो माझ्यावर रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, “मीच खाली यायला हवं होतं.” त्याने यायला नको होतं, मी त्याला पुढे पाठवायला नको होतं. मी ते त्याला त्याच रात्री सांगितलं, पण त्याच्या मनात ते अजून आहे, हे मला जाणवतं.

रात्री मऊ भात, तूप, मीठ आणि इलेक्ट्रलचं पाणी. दर दोन तासांनी मी भाच्याला उठवून प्यायला लावलं. पहाटे लघवीला जाऊन आल्यावर त्याने रंग आता फिका आहे असं सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदा झोप लागली. पुढचा प्रवास त्याने गाडीतून केला. मी चालवत राहिले, गाडी मागे ठेवून. पोटेटो बॉटमची कॉटनवुडची झाडं आणि ग्रीन नदी, मग हार्डस्क्रॅबलचा चढ, शेवटी मिनरल बॉटमची वळणं. २०१० च्या पावसात ही वळणं वाहून गेली होती आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा बांधली. हे सगळं सुंदर होतं, पण माझं त्यात लक्ष नव्हतं.

पाण्याची चूक तिथल्या तिथे निस्तरली गेली, तीही परक्या माणसांच्या चांगुलपणाने. त्याच दुपारी केलेली दुसरी एक चूक निस्तरता येणारी नाही.

त्या भागात वाटेच्या दोन्ही बाजूंना जमीन काळसर, खडबडीत दिसते, बोटाच्या पेरापेक्षाही लहान उंचवटे असलेली. ती नुसती माती नसते. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ मिळून झालेलं ते जिवंत कवच असतं. सायनोबॅक्टेरियाचे चिकट धागे वाळूचे कण एकमेकांना बांधून ठेवतात, हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, पडलेला पाऊस धरून ठेवतात. त्या वाळवंटात झुडूप उगवतं ते या कवचाच्या जोरावर. मोआबला राहून जेन बेलनॅप या शास्त्रज्ञ बाईंनी कित्येक वर्षं त्याचाच अभ्यास केला. एक पाऊल पडलं की धागे तुटतात, वाळू सुटी होते, वारा ती शेजारच्या कवचावर नेऊन टाकतो आणि त्याखाली तेही मरतं. पूर्ववत व्हायला दशकं लागतात. म्हणून उद्यानात सायकल फक्त रस्त्यावर चालवायची, आणि पायीही खडकावरून किंवा वाळूच्या ओढ्यातून जायचं. ठिकठिकाणी हे लिहिलेलं असतं.

मला हे माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. पहिल्याच दिवशी मी भाच्याला गुडघ्यावर बसवून ते कवच जवळून दाखवलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी, वाळूत चाक रुतायला लागल्यावर, मीच रस्ता सोडून कडेच्या त्या टणक जमिनीवरून सायकल ढकलत नेली, कारण तिथे चाक रुतत नव्हतं. पायाखाली पापडी मोडल्याचा बारीक आवाज येत होता. भाचा माझ्या मागून आला. तो आधी क्षणभर थांबला होता, ते मी पाहिलं, आणि मी चालत राहिले म्हणून तो आला. दोन माणसांची आणि दोन सायकलींची ती रांग शंभरेक पावलं तरी असेल.

पठारावर पोहोचल्यावर उद्यानाच्या कार्यालयात जाऊन मी हे सांगितलं. तिथल्या रेंजर बाईंनी नकाशा पुढे केला, जागा विचारली, नोंद करून घेतली. माझ्या प्रामाणिकपणाचं त्यांनी कौतुक केलं नाही, आणि ते बरं केलं. मी विचारलं, त्यावर काही करता येईल का? त्या म्हणाल्या, तिथे पुन्हा कुणी चालू नये एवढंच. पण उमटलेली पावलं पुढच्या माणसाला वाट वाटतात. मला त्या दुपारची आठवण येते तेव्हा उलटीपेक्षा तो पापडीचा आवाज आधी येतो.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली, ती लिहिल्याशिवाय हे अर्धवट राहील. मोआबच्या वाटेवर गाडीत मी भाच्याला म्हटलं, “आईला एवढ्यात सांगू नकोस हं. उगाच घाबरेल.” तो “बरं” म्हणाला. बहिणीला मी फोनवर सांगितलं की मस्त झालं, थोडं ऊन होतं. तिची काळजी वाचवत होते असं मी स्वतःला सांगितलं. वाचवत होते ते ‘तू आहेस ना बरोबर’ हे तिचं वाक्य.

हिवाळ्यात एकदा तिच्याशी बोलताना मला ते सहन होईना आणि मी सगळं सांगून टाकलं, व्हाइट क्रॅकच्या फाट्यापासून जीपपर्यंत. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, “म्हणून तो त्या ट्रिपचं नाव निघालं की विषय बदलायचा. मला वाटलं, तुमचं दोघांचं काही बिनसलंय. मी त्याला विचारायचे, तो काही नाही म्हणायचा. सहा महिने मी तेच मनात घेऊन बसले होते.” ती त्याच्या उलटीवरून एक शब्द बोलली नाही. तिच्या मुलाला तिच्यापासून काहीतरी लपवायला लावलं, यावरून बोलली, आणि बरंच बोलली. मी ऐकून घेतलं.

भाच्याशी मग मी नीट बसून बोलले. त्याने मला एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. व्हाइट क्रॅकच्या टोकावरच त्याचं डोकं दुखायला लागलं होतं. तो बोलला नाही, कारण मी खूप खुशीत होते. मी त्याला कधीच ‘नको वाटलं तर सांग’ असं म्हटलं नव्हतं. ‘जमेल तुला’ एवढंच म्हणत आले होते.

ऑक्टोबरच्या परवान्यासाठी आम्ही तिघांनी बसून नवा कार्यक्रम आखला आहे. यावेळी एअरपोर्टनंतरचा मुक्काम व्हाइट क्रॅकला मागायचा, म्हणजे ते टोक संध्याकाळी निवांत बघता येईल आणि मर्फीचा चढ दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत येईल. तिथून पुढे कँडलस्टिक. व्हाइट क्रॅकला मुक्कामाची जागा एकच आहे. ती मिळाली नाही तर तारीख बदलायची, मुक्काम बदलायचे नाहीत. उजाडताना निघायचं, बारा ते तीन सावली सापडेल तिथे थांबायचं. पाणी प्रत्येकाच्या पाठीवर तीन लिटर, त्याशिवाय सायकलला एक बाटली क्षारांची. निरोपाचं यंत्र घेतलं आहे. टायरांच्या हवेचे दोन आकडे, दगडाचा आणि वाळूचा, भाच्याने स्वतः चालवून बघून ठरवले आहेत.

बहीणही येणार आहे. ती सायकल चालवत नाही, गाडीत बसणार आहे. कार्यक्रमाचा कागद मी तिला पाठवला, तेव्हा तिने फोन करून एकच विचारलं, “गाडी पुढे असणार की मागे?”

“मागे,” मी म्हटलं, “आणि दिसेल इतक्या अंतरावर.”